कोणासाठी जळतोय हा बल्ब?

आमच्या घरमालकांकडे पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी ते त्याला एक प्रश्न विचारायचे. "घरचं लाइट बंद करून आलाय ना?" पाहुणा मुंबईहून आलेला असो की शेजारच्या आळीतून, सुटका नव्हती. एकदा त्यांच्या लेकीचे सासरे आले होते. बिचारे 'हो' म्हणायच्या आधी जरा घुटमळले, तर यांनी स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला. "लावा फोन, पावणं. इच्यारा घरी." व्याह्यांनी मुकाट्याने फोन लावला. मी तेव्हा भाड्याच्या खोल्या बघायला म्हणून दारात उभी होते. तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मला वाटलं, म्हातारा जरा हौशी दिसतोय. हौशी म्हणे!

मी फार्मासिस्ट. डिंगोऱ्याच्या पुढच्या एका गावात, सरकारी दवाखान्यात माझी बदली झाली होती. नवरा पुण्यात नोकरीला, तो रविवारपुरता यायचा. दवाखान्याच्या जवळ राहण्यासारखं तेवढं एकच घर होतं. अख्खं गाव घरमालकांना आप्पा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. घर चांगलं स्लॅबचं, पुढे पडवी, मागे गोठा, गोठ्याला लागून माझ्या दोन खोल्या. शेतात कांदा, टोमॅटो, ओढ्यापलीकडे शेवंती. मुलगा चाकणच्या बाजूला कारखान्यात नोकरीला. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर होतं. विजेची काटकसर त्यांना परिस्थितीने शिकवली असती तर मी समजून घेतलं असतं. पण ते सगळं त्यांनी आवडीने चालवलं होतं. बाकीची माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, आप्पा टेस्टर लावायचे.

माझ्या बाहेरच्या खोलीत त्यांनी तीन वॅटचा बल्ब लावून ठेवला होता. पहिल्या संध्याकाळी मी बटण दाबलं आणि तक्रार घेऊन गेले. म्हटलं, आप्पा, अहो, काही दिसतच नाही. ते म्हणाले, "डोळं जरा बसू द्या, ताई. मंग दिसतं." मी डोळे बसू दिले. काही दिसलं नाही. शेवटी मी स्वतःच्या पैशांनी बारा वॅटचा बल्ब आणून लावला आणि पिशवीत घालून आणला म्हणून कोणाला कळणार नाही अशा समजुतीत राहिले. तासाभरात आप्पा दारात. "ताई, तुमच्या मीटरचा डोळा लई मिचकावतोय. काय बदाललं का?"

या मीटरबद्दल सांगायला हवं. पडवीतल्या भिंतीवर दोन मीटर होते, एक त्यांचा, एक माझा. वीज जशी वापराल तसा त्यातला लाल ठिपका उघडझाप करतो. संध्याकाळी आत त्यांची बायको, म्हणजे काकू, हिंदी मालिका बघत बसायच्या आणि बाहेर आप्पा प्लास्टिकची खुर्ची टाकून मीटर बघत बसायचे. मी मिक्सर लावला की त्यांच्या तोंडून 'अरारारा' निघायचं. माझं बिल मी भरत होते, त्यांच्या खिशाला काडीची झळ नव्हती. हे मी त्यांना किती वेळा समजावलं असेल! त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "बिल तुमचं आसंल, पर वाया जाती ती लाइट समद्यांची ना?" बरं, बोलणं अगदीच चुकीचंही नव्हतं, त्यामुळे तर जास्तच चीड यायची.

पण खरा छळ स्वयंपाकघरात होता. माझं स्वयंपाकघर आणि त्यांचा गोठा यांच्यात एक भिंत होती. त्या भिंतीत वरच्या बाजूला आप्पांनी चौकोनी भोक पाडून त्यात एक बल्ब टांगला होता. एकाच बल्बचा उजेड इकडे मला आणि तिकडे म्हशीला. या युक्तीवर ते इतके खूश होते की येणाऱ्याजाणाऱ्याला आणून दाखवायचे, आणि माणसं माझ्या ओट्यापाशी उभी राहून 'वा, वा' करायची. बटण मात्र गोठ्याच्या बाजूला होतं. धार काढून झाली की आप्पा बटण बंद करायचे आणि माझी पोळी तव्यावर, मी अंधारात. मी ओरडायची, "आप्पा!" पलीकडून आवाज यायचा, "म्हशीचं झालं, ताई! तुमचं ऱ्हायलंय का अजून?" नवरा आला की मला चिडवायचा, तुझा स्वयंपाक म्हशीच्या वेळापत्रकावर चालतो म्हणून. त्याला हसायला काय जातंय? त्याला एकच दिवस जेवायचं असायचं.

न्हाणीघराचं बटणही बाहेर. एकदा तोंडाला साबण लावलेला आणि दिवा गेला. मी आतून किंचाळले, "आप्पा, मी आहे आत!" तर बाहेरून शांतपणे, "मंग गाणं म्हना की जरा! आत मानूस हाय हे कळाया नगं?" त्या दिवसापासून मी अंघोळीला गेले की गायला लागले. माझा आवाज कसा आहे हे घरच्यांना माहीत आहे. आप्पांना तेही चालत होतं. गाण्याला वीज लागत नाही.

रिकाम्या खोलीत दिवा दिसला की त्यांचा एक ठरलेला सवाल असायचा. "तिथं कोन हाय?" आपण म्हणायचं, कोणी नाही. "मंग कोनासाठी जळतोय ह्यो बल्ब?" असं विचारून ते आपल्या तोंडाकडे बघत उभे राहायचे, जणू खरोखरच उत्तराची वाट बघतायत. शाळेत, सोसायटीत, मयताच्या घरीसुद्धा त्यांनी हे विचारलेलं आहे. ओझरला गणपतीच्या दर्शनाला एकदा आम्ही सगळे गेलो होतो. आप्पांनी मनोभावे हात जोडले, प्रसाद घेतला आणि बाहेर येऊन रोषणाईच्या माळा लावणाऱ्या माणसाला गाठून एका माळेला किती वॅट लागतात ते विचारत बसले. मी, काकू आणि माहेरपणाला आलेली त्यांची लेक, आम्ही तिघी बायका चपला घालून उन्हात उभ्या.

बल्ब विकत घ्यायचा तर जुन्नरलाच, आणि त्यासाठी अख्खा दिवस. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले, माझीही खरेदी होती म्हणून. पुन्हा गेले नाही. दुकानदाराकडून ते बल्ब एकेक करून होल्डरला लावून घ्यायचे. मग मोबाइलचा कॅमेरा बल्बवर धरायचे. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले की "नगं, ह्यो मिचकावतोय. डोळं जात्यात ह्यानं." नाही दिसले तर बल्ब कानाशी धरून गुणगुणतो का ते ऐकायचं. मग पेटत्या बल्बच्या बुडाला हात लावून उभं राहायचं, तो तापतो का बघत. मागे गिऱ्हाईक ताटकळतंय याची फिकीर नाही. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "आप्पा, बल्ब घेताय का पोरीला स्थळ बघताय?"

"स्थळ चुकलं तर निभावून न्यावं लागतं, राव," आप्पा बल्बवरचा हात न काढता म्हणाले. "बल्ब मी कशापायी निभावू?"

घेतलेल्या प्रत्येक बल्बच्या मानेवर ते मार्कर पेनाने तारीख टाकायचे. खोकं आणि बिल माळ्यावर. मुदतीच्या आत बल्ब गेला की तो नातवंडाच्या जुन्या टोपड्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन जुन्नरला. दुकानदार त्यांना लांबून बघूनच शटर अर्धं खाली ओढायचा, पण आप्पा वाकून आत शिरायचे. बदलून आणल्याशिवाय कधी आले नाहीत. मी त्यांच्यावर कितीही चिडले तरी एवढं मान्य करायला हवं की त्यांनी निवडलेला बल्ब सहसा जात नसे. स्वस्तातला, पण खणखणीत. गावात कोणालाही बल्ब घ्यायचे असले की आधी आप्पांना विचारायचं अशी रीतच पडून गेली होती. शेवंतीवाले तर त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. सरपंचाला नसेल एवढा मान त्यांना या एका गोष्टीत होता आणि तो त्यांना किती प्रिय होता हे त्यांच्या चालण्यावरून कळायचं. जुन्नरहून बल्बची पिशवी घेऊन परतताना ते गावातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचे.

शेवंतीला बल्ब कशाला, हा प्रश्न मीही आल्याआल्या विचारला होता. त्यावर मला पडवीत बसवून बराच मोठा पाठ देण्यात आला. शेवंतीला रात्र लांब लागली की ती कळी धरते. आपल्याला फूल हवं दिवाळीला, तर तोवर तिला फसवत ठेवायचं. पावसाळ्यात वाफ्यांवर तारा ओढून बल्ब टांगायचे आणि रात्री मधले काही तास ते लावायचे. "रात मधीच मोडायची, ताई. तिला वाटलं पायजे, आजून दिस लई मोठा हाय." बल्बवर पाऊस पडू नये म्हणून प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून टोप्यांसारख्या घातलेल्या. मुलाने पडवीत टायमर बसवून दिला होता, त्याच्या शेजारी एक बटण. दिवे आपोआप लागायचे, आपोआप जायचे. माझ्या घरातला प्रत्येक वॅट खाऊन हा माणूस तो शेवंतीला घालतो, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. त्यांना ते फारच आवडलं. पुढे चार लोकांना सांगत फिरले.

मग मुलाचं लग्न झालं. वैशाखात. मुलगी तळेघरच्या बाजूची, डोंगरातली. भात, नाचणी करणारी माणसं. एसटी कधीतरी, एरवी पायपीट. बारावी झालेली, सडपातळ, कमी बोलणारी आणि चुकायला अतोनात घाबरणारी. सासूने तिला साडी दिली. आप्पांनी टेस्टर दिला. मला वाटलं, आता ही बया कपाळाला हात लावेल. तर तिने तो पदराच्या टोकाने पुसून देव्हाऱ्याजवळ ठेवला.

आप्पांच्या उपदेशाकडे आयुष्यभर कोणी लक्ष दिलं नव्हतं. काकू हो हो म्हणून मालिका लावायच्या, मुलगा कारखान्यात पळायचा, मी भांडायची. हिने मात्र सगळं मनावर घेतलं. खोलीतून बाहेर पडताना हिचा हात आपोआप बटणाकडे जायचा. गोठ्यातला दिवा, न्हाणीतला दिवा, देवापुढचा छोटा लाल बल्बसुद्धा ती विचारून बंद करायची. आप्पांना आभाळ ठेंगणं झालं. "माझ्या सुनंला येकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत न्हाई," असं ते एसटी थांब्यावर अनोळखी माणसांना सांगायचे. मला तर त्या पोरीची कीवच यायची. एक आप्पा कमी होते म्हणून दुसरा तयार होतोय, असंही वाटायचं.

आषाढ लागला आणि रिवाजाप्रमाणे नवी नवरी आखाडासाठी माहेरी गेली. तिकडे भातलावणीची घाई, तिचीही मदत झाली. आणि इकडे त्याच महिन्यात आप्पांनी शेवंतीवर तारा ओढल्या, बल्ब लावले, टायमर सुरू केला. घरात नेहमीसारखा पाठ झाला. तिच्याशिवाय सगळ्यांनी तो पुन्हा एकदा ऐकला. श्रावणात पंचमी करून ती परत आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांना हर्नियाने जोरात घेरलं. गाडी करून नारायणगावला हलवलं, ऑपरेशन झालं. काकू त्यांच्याजवळ राहिल्या. मुलाला सुट्टी मिळेना. घरी ही एकटी आणि मागे मी.

मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा आप्पा पलंगावर पडल्यापडल्या फोनवर बोलत होते. "लाइट बंद करतीस ना समदं?" पलीकडून आलेलं "व्हय आप्पा, समदं" मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी फोन ठेवला आणि सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला सांगायला लागले, सून कशी असावी ते. सिस्टर निघाली तेव्हा त्यांनी तिला पॅसेजमधला दिवा कोणासाठी जळतोय तेही विचारलं. टाके ताजे होते, तरी.

बरेच दिवस ठेवून घेऊन डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलं. दुपार होती. आप्पा पडवीत खुर्चीवर टेकले होते, काकू आत अंघोळीला गेल्या होत्या आणि मी त्यांच्या गोळ्या सकाळच्या कुठल्या, रात्रीच्या कुठल्या ते लावून देत होते. सून पाणी घेऊन आली. आप्पांनी तांब्या हातात घेत विचारलं, "शेवंतीचं लाइट येळंवर लागत व्हतं ना गं?"

तिचा चेहरा खुलला. इतके दिवस ती याच शाबासकीची वाट बघत असणार.

"न्हाई आप्पा. मी लागूच दिलं न्हाई. पयल्या रातीला बघितलं, शेतात कोन बी न्हाई आन् समदं लाइट चालू. मंग रोज झोपायच्या आधी हितलं बटनच बंद करत व्हते. येक रात बी वाया जाऊ दिली न्हाई."

माझ्या खोल्यांची तोंडं गोठ्याकडे. ओढ्यापलीकडे काय चाललंय ते मला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता.

"येक रात बी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई ना! कोनासाठी जळत्यात, म्हनलं."

मग तिने माझं तोंड बघितलं आणि तिचं हसू गेलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. मी तिला सांगितलं, ते दिवे कशासाठी असतात ते. अगदी थोडक्यात सांगितलं. ती खांबाला धरून उभी राहिली. "मला कोनी सांगितलंच न्हाई, ताई," एवढंच म्हणाली. मग आत न्हाणीच्या दिशेने तिने बघितलं. काकू स्वभावाने वाईट नव्हत्या, पण त्या शेवंतीवर त्यांनी दिवाळी बांधली होती, लेकीला बोलावणं, घराला रंग, सगळं. आणि नव्या सुनेच्या हातून लग्नाच्या वर्षी पीक गेलं, ही गोष्ट आपल्या गावांमध्ये किती वर्षं पुरते ते मी सांगायला नको. पुढे तिला मूल होवो, नातवंडं होवोत, बायका म्हणणारच, हीच ती, हिनेच शेवंतीचे दिवे घालवले. तिलाही ते त्या खांबापाशी उभ्या उभ्या कळलं होतं.

आप्पा पाणी प्याले. तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "च्या टाक जा." ती गेली. मग माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी आत्ता काय ऐकलं?"

मी म्हटलं, "सगळं ऐकलं."

"न्हाई. तुमी काय बी ऐकलं न्हाई," ते म्हणाले, आणि गोळ्या घेऊन डोळे मिटून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी पोटाला हात धरून, काठी टेकत ते ओढा ओलांडून गेले. मी चांगली रागावले होते, टाके उसवतील म्हणून. शेंड्याशेंड्याला मोहरीएवढ्या कळ्या धरल्या होत्या. आता कितीही दिवे लावले तरी काही होणार नव्हतं. परत आले ते पडवीच्या पायरीवरूनच काकूंना मोठ्याने सांगत. "बल्ब गेलं गं! मी दवाखान्यात पडलो आन् समदं गेलं हिकडं."

काकूंना आधी पटेना. यांचे बल्ब जातातच कसे? मग आप्पांनी खाली मान घालून सांगितलं की यंदाचे बल्ब जुन्नरचे नव्हतेच. बाजारात गाडीवर एक माणूस विकत होता, लई स्वस्तात, मोह झाला. बिल नाही, खोकं नाही, गॅरंटी नाही. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तुमी?" त्या म्हणाल्या. "तुमी बिगरबिलाचं बल्ब आनलं?"

ही बातमी दिवस मावळायच्या आत गावात फिरली. ज्या माणसाने अर्ध्या गावाला बल्ब निवडून दिले, त्याने स्वतःच्या शेवंतीवर गाडीवरचे बल्ब लावले! थांब्यावर टवाळी सुरू झाली. "आप्पा, फोन धरून बघितला नव्हता का बल्बवर?" त्यांच्याच सांगण्यावरून बल्ब घेतलेले दोन शेवंतीवाले रात्रीची राखण करायला लागले, न जाणो आपलेही जातील. नंतर आप्पा जुन्नरला कशालातरी गेले तेव्हा दुकानदाराने म्हणे उठून उभं राहून नमस्कार केला आणि विचारलं, "काय आप्पा, त्या गाडीवाल्याचं शटर कुठवर वढलेलं आसतं?" आप्पांनी स्वतःच मला हे सांगितलं. हसत नव्हते. बल्ब घ्यायच्या आधी त्यांना विचारायला कोणी येईना झालं, आणि ते गावातून जवळच्या रस्त्याने घरी यायला लागले.

मला हे बघवेना. एकदा गोळ्या द्यायच्या निमित्ताने मी त्यांना झापलंच. म्हटलं, "आप्पा, खोटंच सांगायचं होतं तर टायमर बिघडला म्हणायचं होतं!"

"टायमर पोरानं बसिवलाय. मंग त्येच्यावर यील."

"मग वीज गेली होती म्हणायचं."

"वीज गेली आसती तर समद्या गावाच्या शेवंतीनं कळी धरली आसती, ताई. तुमी औषधं वाटता, जरा तरी इच्यार करीत जावा." आणि उठून माझ्याच खोलीतला दिवा बंद करून गेले. मी आत बसलेली असताना!

म्हणजे बदलले वगैरे मुळीच नाहीत. सुनेपुढे बसून 'चूक माझी, मी तुला सांगायला हवं होतं' एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नाही. ती बिचारी खाली मान घालून वावरायची. कोणताही दिवा बंद करताना तिचा हात आता थबकायचा, हा बंद करायचाय का विचारायची, तर हे ओरडायचे, "त्यात काय इच्यारायचं? तिथं कोन हाय?" इतका राग यायचा मला. माणूस चांगला असेल तर त्याने जरा नीट वागायला काय होतं? एकदा पाणी भरताना ती माझ्यापाशी म्हणाली, "ताई, मी आत्याबाईंना सांगून टाकते. मला न्हाई सोसत." मी म्हटलं, तू आप्पांना विचार. ती म्हणाली, विचारलं होतं, ते म्हणाले, ह्या घरात बल्बचं मी बघतो.

पितृपंधरवडा लागला आणि ओढ्यापलीकडचा अख्खा तुकडा पिवळाधमक झाला. त्या दिवसांत ना लग्न, ना पूजा, ना तोरण. फुलाला कोणी विचारत नाही. तोडणीची मजुरीही निघाली नसती. काकूंनी ते दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा संयम सुटला. आप्पांनी तारांवरून उतरवलेले सगळे बल्ब गोणीत भरून गोठ्यात ठेवले होते. काकूंनी गोणी ओढत पडवीत आणली. मुलगा सुट्टीवर आलेला होता, मी भाड्याचं बोलायला तिथेच बसले होते, सून पाट्यावर मिरची वाटत होती.

"आता त्या गाडीवाल्याला मीच बघते," काकू म्हणाल्या. "बिल नसंल तर नसू दे. बाजारात त्येच्या तोंडावर वतते समदं." मग त्यांनी एक बल्ब बाहेर काढला आणि थांबल्या. "पर आधी बघू तरी. खरंच गेल्यात का नुसती वायर ढिली व्हती. तुमचं काय सांगावं!"

पडवीतल्या होल्डरमधला बल्ब काढायला त्यांनी हात वर केला. त्या गोणीतला एकही बल्ब गेलेला नव्हता. लावला की तो लख्ख पेटणार होता, आणि पेटला की मग पुढचा प्रश्न एकच होता, दिवे बंद कोणी केले. सुनेचे हात पाट्यावर थांबले होते. आप्पा खुर्चीतून उठले, काकूंच्या हातातून बल्ब घेतला आणि फरशीवर जोरात आपटला.

तो फुटला नाही. त्यांनी निवडलेला बल्ब तो, कसा फुटेल? टणकन उडाला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. मुलगा हसायला लागला. आप्पांनी वाकून सुनेच्या हातातला वरवंटा काढून घेतला, बल्ब उचलून पायरीवर ठेवला आणि घाव घातले. मिरचीचे डाग लागलेल्या वरवंट्याने, दात खाऊन. मान तुटली, आतली पट्टी वाकडी झाली, पांढऱ्या टोपणाचे तुकडे अंगणात उडाले, तरी ते मारतच होते. रिकाम्या न्हाणीतला तीन वॅटचा दिवा पाहून ज्यांचा जीव खालीवर व्हायचा ते हे. एक शहाणपणाची गोष्ट साध्या शब्दांत बोलता येत नाही म्हणून हा माणूस चांगला बल्ब ठेचत होता, आणि मला एकाच वेळी त्यांच्या हातातला वरवंटा हिसकावून घ्यावासा वाटत होता आणि त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"डोकं फिरलं का तुमचं?" काकू ओरडल्या. "गेलेला बल्ब कशाला ठेचताय? लोकं हसत्यात तेवढं पुरं न्हाई का?"

सून उठून उभी राहिली. मिरचीचे हात तसेच. "आत्याबाई," ती म्हणाली, "आप्पांना काय बोलू नका. मी सांगते. ते बल्ब…"

"तू गप गं!" आप्पा तिच्यावर असे खेकसले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "आत हो आधी!"

पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती आत गेली नाही, तिथेच उभी राहिली. मग काकूंचा पाराच चढला. त्या आप्पांच्या आणि तिच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, तिला पाठीशी घेतलं आणि हात नाचवत म्हणाल्या, "आपल्या चुका झाकायला त्या लेकरावर वरडताय व्हय? तिचा काय संबंध? तिनं काय केलंय, सांगा की!"

आप्पांनी वरवंटा खाली ठेवला. त्यांना धाप लागली होती, पोटाला एक हात होता.

"तिनं काय बी न्हाई केलं," ते म्हणाले, आणि पायरीवरचे तुकडे वेचायला खाली बसले.